पाच न्यूटन-मीटरचा हात

सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात कार्बनचा एक सीटचा दांडा फुटला. आवाज लहान होता, अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा. त्या वेळी दुकानात चार जण होते: दुकानाचे मालक प्रल्हाद सोनकांबळे, त्यांचे शेजारी रफीकभाई, सायकलची मालकीण ज्योती सूर्यवंशी आणि मी. बोल्ट आवळायची चावी सोनकांबळे यांच्या हातात होती. याबद्दल पुढे कधी वाद झाला नाही.

वाद दुसऱ्याच गोष्टीवर चालला होता. ठेच्यात शेंगदाणे घालावेत की नाहीत, हा विषय होता. शेंगदाण्याशिवायचा ठेचा म्हणजे जेवण नव्हे, शिक्षा आहे, असं रफीकभाईंचं म्हणणं. त्याला उत्तर देताना सोनकांबळे यांचं मनगट पाव फेरा जास्त फिरलं. लोखंड वाकतं, कुरकुरतं, निदान इशारा देतं. कार्बन तसं काही करत नाही.

त्यांनी चावी खाली ठेवली, दांड्यावरच्या केसासारख्या चिरेवरून अंगठा फिरवला आणि शटर ओढलं. आम्ही तिघे आतच होतो, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

माझं वर्तमानपत्राचं कार्यालय समोरच्या इमारतीत होतं. बातम्या नसल्या की मी त्या दुकानात बसत असे. त्यामुळे सोनकांबळे यांना बऱ्याच जवळून पाहता आलं. वय साठीच्या आसपास, अंगकाठी शिडशिडीत, मिशी पांढरी आणि हाताचे पंजे मात्र दुसऱ्या कुठल्या तरी धिप्पाड माणसाकडून आणल्यासारखे. दुकानाच्या पाटीवर फक्त ‘सायकल’ एवढाच शब्द होता. आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सगळे पाने नंबराप्रमाणे टांगलेले. एखाद्या गिऱ्हाईकाने बाराचा पाना तेराच्या खिळ्याला अडकवला, तर सोनकांबळे काही बोलत नसत. तो माणूस जाईपर्यंत त्या पान्याकडे बघत राहत.

बोल्टांना त्यांनी नाती दिली होती. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणून तो जावई: सगळं घर एकीकडं अन् हा दुसरीकडं. सीटचा बोल्ट म्हणजे व्याही, मान द्यायचा पण डोक्यावर बसवायचं नाही. हँडलचे चार बोल्ट चार जावा होत्या, एकीला आधी पूर्ण आवळलं की उरलेल्या तिघी वाकड्यात शिरत. म्हणून चौघींना थोडं थोडं, आळीपाळीनं. सायकलचं काम शिकवणारी याहून सोपी पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

शेवटचा पाव फेरा मात्र ते डोळे मिटून देत. त्या वेळी दुकानात कोणी बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही, शक्यतो शिंकायचंही नाही. एकदा असा फेरा द्यायला आणि रस्त्यावर वरात यायला एकच गाठ पडली. डीजेच्या आवाजाने दुकानातल्या घंट्या आपोआप वाजू लागल्या. सोनकांबळे बोल्टात चावी घालून, डोळे मिटून बसून राहिले. नवरदेव गेला, मागून वऱ्हाड गेलं, त्यामागून जनरेटरची गाडी गेली. वीस मिनिटांनी शांतता झाली तेव्हा त्यांनी पाव फेरा दिला आणि डोळे उघडले. गिऱ्हाईक तोपर्यंत वरातीत नाचायला निघून गेलं होतं.

“बोल्ट सांगतो,” ते म्हणत. “आपन ऐकून घ्याचं. आवळायचं म्हंजे गळा दाबायचं न्हाई.”

तीसेक वर्षं त्यांनी ऐकून घेतलं होतं. त्या सोमवारी पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

ज्योती सूर्यवंशी एसटीत कंडक्टर. वय चौतीस. हैदराबादच्या एका माणसाने विकायला काढलेली कार्बनची सायकल तिने घेतली होती, आणि एकोणीस दिवसांनी तिला वेळेच्या मर्यादेची एक राइड करायची होती. नांदेडहून सकाळी सहाला निघायचं, देगलूर आणि उदगीरवरून लातूर गाठायचं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. आदल्या वर्षी उदगीरच्या तपासणी नाक्यावर ती वेळ संपल्यानंतर नऊ मिनिटांनी पोचली होती आणि तिथूनच तिला बाद केलं होतं. या वर्षी तिने रजा मंजूर करून घेतली होती. सायकल मिळवण्यापेक्षा ते काम अवघड होतं, असं ती सांगे.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा आत खडूने लिहिलं होतं: ‘कार्बनची कामं बंद’. सोनकांबळे यांनी तिला सांगितलं की नवा दांडा मी आणून देतो, पण बसवणार नाही. दुसऱ्या कोणाकडून तरी बसवून घे. ज्योती दुसऱ्याकडे जाऊन आली होती. त्याने ट्रकच्या चाकांना लावतात तसलं हवेचं मशीन काढलं, तेव्हा ती सायकल उचलून पळाली होती.

“मंग मी रजा कॅन्सल करते, काका,” ती म्हणाली. “पन आगारात येऊन सायबाला तुमी सांगा.”

सोनकांबळे यांनी खडूच्या सूचनेकडे पाहिलं. एसटीच्या साहेबाला तोंड देण्याची वेळ त्यांच्यावर याआधी आली नव्हती. मग म्हणाले, “माझ्यापरीस खरा असंल असा पाना पायजे.”

असा पाना असतो. त्याला टॉर्क पाना म्हणतात. बोल्ट किती जोराने आवळला जातो आहे हे तो न्यूटन-मीटरमध्ये दाखवतो. ज्योतीच्या सायकलीच्या सीटचा दांडा पकडणाऱ्या क्लॅम्पवर पाच न्यूटन-मीटरची मर्यादा छापलेली होती. सोनकांबळे यांनी ती वाचलेली होती आणि पाच म्हणजे किती, हे आपल्या हाताला ठाऊक आहे असं धरून चालले होते.

पहिला पाना एका ट्रक गॅरेजमधून उसना आला. तो दंडाएवढा लांब होता आणि त्याच्यावरचा सगळ्यात लहान आकडा चाळीस होता. सोनकांबळे यांनी तो दोन्ही हातांनी परत केला. “यानं हत्ती आवळतेत,” असा त्यांचा अभिप्राय.

दुसरा ऑनलाइन मागवला. त्याला आकडे दाखवणारा छोटा पडदा होता आणि हवा तो जोर आला की तो पीक पीक करायचा. दुकानात त्याचं कौतुक चालू होतं, तेवढ्यात रफीकभाईंनी एक प्रश्न विचारला.

रफीकभाईंचा धंदा तराजू आणि वजनं दुरुस्त करण्याचा. मोंढ्याच्या धान्यबाजारातला प्रत्येक काटा वर्षातून एकदा त्यांच्या हाताखालून जाई, मग सरकारी तपासणी होऊन त्याच्यावर शिक्का बसे. शिक्का नसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. घरी आलेल्या सोयऱ्यांकडेही ते प्रथम त्याच नजरेने पाहत.

“पाच बोल्या इने,” ते पान्याकडे बोट दाखवून म्हणाले. “पन ह्याला कोन मोजलं?”

 जवळच्या कॉलेजातले फिजिक्सचे एक प्राध्यापक चेन बसवून घ्यायला आले होते. त्यांनी पुठ्ठ्यावर हिशेब करून दिला. बोल्ट व्हाइसच्या लोखंडी पकडीत आडवा धरायचा, पाना त्याला आडवा लावायचा आणि बोल्टपासून बरोबर वीस सेंटिमीटरवर अडीच किलो आणि पन्नास ग्रॅम वजन टांगायचं. तेव्हा बोल्टावर पाच न्यूटन-मीटर पडतात. सोनकांबळे यांनी हिशेब ऐकला आणि विचारलं, “अन् पान्याचं सोताचं वजन, सर?” प्राध्यापक म्हणाले, हा मुद्दा आहे. ते चेन न बसवताच घरी गेले आणि संध्याकाळी दुरुस्त केलेला पुठ्ठा घेऊन आले.

रफीकभाईंनी शिक्का मारलेली वजनं आणली: एक दोन किलोचं, एक अर्ध्या किलोचं आणि एक पन्नास ग्रॅमचं, पितळेचं. पहिल्या दिवशी ऑनलाइन पाना बरोबर जागी बोलला. दुसऱ्या दिवशी काहीही न टांगता बोलला. तिसऱ्या दिवशी सगळी वजनं टांगून बोलला नाही, आणि वजनं काढून ठेवल्यावर, दुकानात चहा आला तेव्हा बोलला. तो परत पाठवला गेला.

राइडला नऊ दिवस उरले होते. अवजारांचं एक मोठं दुकान लातूरला आहे, असं कळलं. ज्योतीची ड्यूटी नांदेड-लातूर गाडीवर होती. तिच्याच गाडीने सोनकांबळे, रफीकभाई, पिशवीतली वजनं, पोत्यात गुंडाळलेला व्हाइस आणि मी असे लातूरला गेलो. मला तिथल्या आवृत्तीत बदली मिळणार होती. त्यासाठी एका साहेबांना भेटायचं होतं. ती भेट त्या दिवशी झाली नाही.

दुकानदार शांत स्वभावाचे होते. त्यांनी सात पाने काउंटरवर मांडले आणि कोणता हवा ते विचारलं. सोनकांबळे यांनी काउंटरला व्हाइस आवळला. रफीकभाईंनी नेहमीची वजनं आणि जास्तीची आणलेली काही लहानमोठी वजनं फडक्यावर ठेवली. दुकानदारांनी आपण काय विकायला बसलो आहोत याचा पुन्हा एकदा विचार केल्यासारखा चेहरा केला, पण अडवलं नाही.

सातपैकी पाच पाने ‘कट्’ असा आवाज करून थांबायला सांगणारे होते. एकाच कंपनीच्या एकाच डब्यातून निघालेले दोन जुळे भाऊ होते. त्यातला एक सव्वादोन किलोलाच कट् म्हणाला. दुसरा तीन किलो टांगले तरी गप्प. “एक भित्रा, एक बहिरा,” रफीकभाई म्हणाले आणि दोघांनाही बाजूला सारलं. उरलेले पाचही या परीक्षेत उतरले नाहीत. तोपर्यंत दाराशी गर्दी झाली होती. शेजारच्या आडतीतले हमाल आले, एक दाताचे डॉक्टर आले, कोर्टात निघालेले एक वकील तारीख विसरून थांबले.

सगळ्यात मागच्या फळीवर धुळीने भरलेला एक पाना होता. त्याला स्प्रिंग नव्हती, पडदा नव्हता, आवाज नव्हता. एक सळई आणि तिच्या शेजारी एक सुई. जोर दिला की सळई वाकायची, सुई सरळ राहायची आणि खालच्या पट्टीवर आकडा दिसायचा. कित्येक वर्षांत कोणी मागितला नाही, असं दुकानदार म्हणाले. वजनं टांगली. सुई पाचवर आली. काढून पुन्हा टांगली. पाच. पाना उलटा लावून टांगली. पाच.

सोनकांबळे खाली वाकून बराच वेळ सुईकडे बघत राहिले. “ह्याच्यात लपवायला जागाच न्हाई,” ते म्हणाले.

व्यवहार तिथे संपायला हवा होता. पण हमालांपैकी एकाने विचारलं की मामा, मग तुमचा हात कितीचा? पाना हातात होता, व्हाइस लावलेला होता आणि गर्दी जायला तयार नव्हती. रफीकभाईंनी पट्टीवर रुमाल टाकला, म्हणजे ओढणाऱ्याला आकडा दिसू नये. प्रत्येकाने अंदाजाने पाचवर थांबायचं असं ठरलं. पहिला हमाल एकोणीसवर थांबला आणि आपण फार हळू ओढल्याचं त्याने सांगितलं. वकील दोनवर थांबले. दाताचे डॉक्टर सहावर थांबले. त्यांचे दोन पेशंट त्या गर्दीत होते, त्यांनी हे नोंदवून ठेवलं.

मग सोनकांबळे यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी, जीभ किंचित दातांखाली धरून त्यांनी ओढलं. रफीकभाईंनी रुमाल उचलला. पाच. गर्दीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा पाच. दुकानदारांनी चहा मागवला. चहानंतर तिसऱ्यांदा सात आले. तेव्हा वकील म्हणाले की हे कार्बनबिर्बन आता तरुण पोरांचं काम आहे, मामांनी साध्या सायकलीच बघाव्यात. चौथ्यांदा अकरा आले.

कोणी हसलं नाही. सोनकांबळे यांनी आपला उजवा पंजा उलटासुलटा करून पाहिला.

“हात खरा हाय,” ते सावकाश म्हणाले. “मधी मानूस येऊन राहिला.”

तो पाना घेऊन आम्ही परतलो. येताना तो कोणाच्याही हातात दिला गेला नाही. आदळआपट झाली तर सुई सरकेल, या भीतीने सोनकांबळे यांनी नांदेडला पोचताच घरातून नातवंडांची एक छोटी गोधडी आणली आणि पाना तिच्यात गुंडाळला. दुकानात त्याला खिळा मिळाला नाही, गादी मिळाली. रफीकभाई रोज सकाळी वजनं घेऊन येत आणि सुई पाचवर येते का ते पाहून मगच आपल्या दुकानाचं कुलूप काढत. खडूने लिहिलेली सूचना पुसली गेली. ज्योतीचा नवा दांडा बसला. आत कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावली, सुई पाचवर आली आणि सोनकांबळे यांनी डोळे उघडे ठेवून ती पाहिली.

राइडच्या दिवशी मला उदगीर आणि लातूर इथून बातमी द्यायची होती, त्यामुळे मी आधीच उदगीरच्या नाक्यावर पोचलो होतो. नियम असा होता की सायकलस्वाराला बाहेरची मदत फक्त तपासणी नाक्यावर घेता येते. म्हणून सोनकांबळे आणि रफीकभाई एसटीने उदगीरला यायला निघाले होते. पान्याला त्यांनी खिडकीजवळची सीट दिली होती. देगलूरला चढलेल्या एका बाईने ते गाठोडं पाहून बाळ किती महिन्यांचं आहे, असं विचारलं, आणि रफीकभाईंनी आवाज खाली आणून, झोपलंय, असं उत्तर दिलं.

गाडी उदगीरच्या स्टँडमध्ये शिरत होती तेव्हाच खिडकीतून, स्टँडसमोरच्या नाक्यावर, ज्योती दिसली. दोघे एकदम उठले आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. नाका दोन चाळीसला बंद होणार होता. ज्योती वेळेत होती, पण देगलूरच्या पुढच्या खडबडीत रस्त्यावर तिची सीट दोन बोटं खाली बसली होती. तेवढ्यानेही गुडघे धरले होते. सीट वर करून बोल्ट पुन्हा आवळायला हवा होता.

“पाना,” सोनकांबळे म्हणाले.

“तुमच्याजवळ हाय ना?” रफीकभाई म्हणाले.

तोपर्यंत गाडी लातूरच्या रस्त्याला लागली होती.

ज्योतीने पहिला फोन त्या गाडीच्या कंडक्टरला लावला. तो तिच्याच बॅचचा होता. गोधडीतलं गाठोडं लातूर स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये जमा करायचं ठरलं. पण लातूर अजून सत्तर किलोमीटर होतं. सोनकांबळे यांच्या खिशात साधी पाच मिलिमीटरची ॲलन चावी होती. त्यांनी ती काढली, आणि परत खिशात ठेवली.  मागच्या दांड्याचं काय झालं होतं हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि उदगीरमध्ये दुसरा दांडा मिळणार नव्हता.

“काका, फुटला तर फुटला,” ज्योती म्हणाली. “पन इथं बसून बाद न्हाई व्हायचं मला. मागल्या साली बसले हुते.”

सोनकांबळे यांनी हात धुतले. मग त्यांनी रफीकभाईंना रस्त्याच्या पलीकडे जायला सांगितलं. रफीकभाई ‘मला काय झालं?’ म्हणून कुरकुरत गेले आणि चहाच्या गाड्याजवळ, पाठ करून, बाकड्यावर बसले. ज्योतीलाही त्यांनी तोंड फिरवायला लावलं.

“तुझं तोंड बघितलं की माझा हात वाढतो,” ते म्हणाले.

ते जमिनीवर मांडी घालून बसले. चावी बोल्टात घातली आणि डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. नाक्यावरच्या कार्यकर्त्याने घड्याळ दाखवलं, कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सहा मिनिटं ते नुसते बसून होते. श्वास सावकाश झाला, खांदे खाली आले, मग मनगट फिरलं, अगदी थोडं. चावी बाहेर आली. फुटण्याचा आवाज आला नाही.

दोन वाजून सतरा मिनिटांनी ज्योती निघाली.

लातूरला अंतिम रेषेवर आयोजकांनी दोन खांबांवर कापडी बॅनर लावला होता. संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटांनी ज्योती सूर्यवंशी त्याच्याखालून गेली. मुदत साडेसातची होती. सीट जागची हलली नव्हती. दांड्यावर तिने उदगीरला पेनाने केलेली खूण क्लॅम्पच्या काठाशीच होती. सोनकांबळे आणि रफीकभाई मागच्या गाडीने येऊन कंट्रोल केबिनमधून गाठोडं सोडवून आधीच पोचले होते. तिथल्या नोंदवहीत ‘गोधडीसह पाना, नग एक’ असं लिहून घेतलं होतं आणि दोघांचीही सही घेतली होती.

रफीकभाईंनी स्वतः पाना लावला. सावकाश, बोल्ट हलू लागेपर्यंत, ओढला. सोनकांबळे पलीकडे तोंड करून उभे होते. सुई कुठे थांबली ते रफीकभाईंनी मला, मग ज्योतीला दाखवलं. पाचच्या खुणेला सुईची उजवी कड लागलेली होती.

“पाच,” ते मोठ्याने म्हणाले. “शिक्का मार दो.”

ज्योतीने वाकून नमस्कार केला. सोनकांबळे हसू लागले. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. ते एका पायावर, मग दुसऱ्या पायावर असे हसत होते. एका आयोजकाने त्यांना ओळखलं आणि विनंती केली की बॅनरच्या डाव्या खांबाचा बोल्ट सकाळपासून ढिला आहे, काकांनी जाता जाता एक हात मारावा. सोनकांबळे यांनी पाना मागितला नाही. हसत हसतच ते खांबाजवळ गेले आणि समोर पडलेली चावी उचलून त्यांनी बोल्ट आवळला.

बोल्ट तुटला. बॅनर रस्त्यावर आला तेव्हा सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मुदत संपेपर्यंत आणखी चार सायकलस्वार पोचले. ते चौघेही बॅनरवरून गेले.